रीडिंग

फाल्गुन सरत आला की माझे आकडे घसरतात.
लोकांचे चढतात.
पंखा तीनवरून पाचवर, कुणाकडे हप्त्यावरचा कूलर.
भांडुपच्या टेकडीवर पेट्या उघडत जातो मी,
प्रत्येक रीडिंग गेल्या महिन्यापेक्षा फुगलेलं.
वरच्या जंगलाच्या कडेला काटेसावर पेटलेली असते
आणि तांबट पक्षी टुक्‌ टुक्‌ टुक्‌,
जुन्या मीटरची चकती फिरावी तसा.

माझा मीटर खिशात असतो, काळ्या पाकिटात.
बोटाच्या कडेला टोचायचं, मधोमध नाही,
हे मला नलूनं शिकवलं.
एक थेंब, पाच सेकंद.
थंडीत एकशे ऐंशी, दोनशे दहा,
संक्रांतीच्या आठवड्यात तर मी वहीत लिहिलंच नाही.
तिनं लिहिलं, लाल पेनानं.

डॉक्टर तांडेल म्हणाले,
ऊन वाढलं की तेवढंच इन्सुलिन जास्त जोरात धावतं, येरुणकर.
हवा बदलली, हिशेब बदलायचा.
दोन युनिट कमी करून बघू.
मी म्हटलं, आमच्याकडे युनिट कमी झाले
की साहेब विचारतात, मीटर बंद पडलाय का?
ते हसले.
मग माझे बूट काढायला लावले
आणि हसायचे थांबले.

तळव्यांना चटका कळत नाही आता.
जिथे चपला काढा म्हणतात
तिथे मी उंबऱ्याबाहेरूनच मान लांब करून आकडा वाचतो.
लोकांना वाटतं, शिष्ट आहे.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, साडेअकराला,
वरच्या चाळीच्या पायऱ्यांवर
आठ आणि शून्य सारखे दिसायला लागले.
एवढ्या उन्हात घाम गार.
हातातली यादी कुणाची, मी इथे कशाला,
काही सुचेना.
दोन युनिट कमी करायचे
मी सोमवारपासून म्हणून ठेवले होते.
ग्लुकोजची पुडी परवाच संपवली होती, उगाच,
गोड खावंसं वाटलं म्हणून,
नलूला न सांगता.

"हंय बसा," मेस्त्रीणबाई म्हणाल्या. "काय झाला?"
मला सांगता येईना. पाकिटाकडे बोट केलं.
त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं
आणि नातीला हाक मारली.

गुढी कालच उतरली होती.
गाठी मात्र मीटरच्या खिळ्याला लटकत होत्या,
मुंग्यांची एक रांग थेट वायरवरून.
पोरीनं एक गुलाबी पदक तोडलं,
फुंकर मारली,
माझ्या तोंडासमोर धरलं.

आणि मी, शुद्ध अर्धी, जीभ जड,
अकरा वर्षांच्या सवयीनं म्हणालो,
"मला साखर चालत नाही."

"आता चलता," बाई म्हणाल्या. "खावा."

कडूनिंब मी आदल्या दिवशी खाल्ला होता,
घरातल्या सगळ्यांच्या वाटचा,
बढाई मारत.
ही साखर चावताना दात वाजले.
कोपऱ्यावर एक मुंगी होती, तीही गेली.

पंधरा मिनिटांनी आकडे आकड्यांच्या जागी आले.
बोट टोचलं: एक्क्याऐंशी.
आधी किती होता, देव जाणे.
उठून त्यांचं रीडिंग परत घेतलं,
पहिलं मी तीनशे युनिटांनी जास्त लिहिलं होतं.
बाईंना सांगितलं नाही.
पोर मात्र पायरीवर बसून बघत राहिली,
मी कुठल्या घरापर्यंत सरळ चालतो ते.

रात्री नलूनं बॅटरी धरून तळवे पाहिले,
नेहमीसारखे, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा.
मग म्हणाली, तोंड उघडा.
"जीभ गुलाबी कशी?"

सांगितलं सगळं. पुडीचंही. सोमवारचंही.
बराच वेळ ती काही बोलली नाही.
वहीत आजच्या तारखेपुढे एक्क्याऐंशी लिहिलं,
त्याच्या आधी एक चौकट रिकामी ठेवली.
सकाळी काळ्या पाकिटात दोन पुड्या होत्या
आणि आमच्याच गुढीची गाठ,
मुंग्या लागू नयेत म्हणून
गेल्या महिन्याच्या लाइटबिलात गुंडाळलेली.